पाण्यातला खडा

आण्णा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी आता कोल्हापुरातच असते, शिवाजी पेठेत, दोन खोल्यांत. खाली तालमीची पोरं सकाळपासून फुटबॉलवरून वाद घालत असतात आणि वर मी शेकडो वर्षांपूर्वीच्या आयरिश वैद्यांनी काय लिहून ठेवलंय ते वाचत बसते. शेजारच्या काकूंना वाटतं मी परीक्षेचे पेपर तपासते. मी त्यांना खरं काय ते सांगत नाही, कारण सांगायला लागलं की तुम्ही विचारलेला प्रश्नच त्या विचारतील, असं वाटतं.

शिष्यवृत्तीचं पत्र आलं त्या दुपारी आपण वारणानगरच्या कॉलनीत होतो. तुम्ही कारखान्याच्या प्रयोगशाळेतून जेवायला घरी आला होता, शर्टाला मळीचा वास. आई भाकरी थापत होती. मी पत्र वाचून दाखवलं आणि तुम्ही घास तसाच हातात धरून विचारलंत, "जुनी आयरिश म्हंजे? आता कोण बोलतंय का ती?"

"तशी कुणी बोलत नाही."

"आणि दुसरी ती?"

"जुनी नॉर्स. तीही नाही."

"म्हंजे दोन-दोन मेलेल्या भाषा शिकाय इमानात बसून जाणार! आणि भांडायचं झालं तर भांडणार कुणाशी गं?"

आई हसली. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही जन्मभर उसाच्या रसाची गोडी मोजलीत, पुस्तकातलं तुम्हाला काय कळणार?" तुम्ही घास ताटात ठेवलात, हात धुतलेत आणि सायकल काढून कारखान्यात गेलात. तव्यावरची भाकरी करपली तरी आई तशीच बसून होती. त्या वाक्याची माफी मी कधी मागितली नाही. तुम्हीही पुन्हा विषय काढला नाहीत. निघायच्या दिवशी मात्र स्टँडवर शाहूपुरीतून आणलेलं एक भिंग माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "जुन्या पुस्तकातली अक्षरं लई बारीक असत्यात म्हणं."

परदेशी विद्यापीठात गेल्यावर कळलं की माझ्या हाती आलेलं काम मला वाटलं होतं तसं कवितांचं नव्हतंच. मध्ययुगात आयर्लंडातल्या वैद्यांनी लॅटिनमधलं औषधशास्त्र आपल्या भाषेत आणलं. नवे शब्द घडवले, न सापडले तिथे घरातले वापरले. त्यातलीच काही औषधं पुढे उत्तरेकडे, नॉर्स वह्यांतही पोचली. मी दोन्हीकडची एकच कृती ताडून पाहत होते: खोकल्यावरचं चाटण, मध आणि पाला. नॉर्स नकलनविसानं लिहिलं होतं, मध उकळताना पाण्यात खडा टाकावा. आयरिश ओळ जरा तुटक होती, पण माझ्याआधीच्या सगळ्यांनी ती नॉर्स ओळीसारखीच वाचली होती. हा खडा मंतरलेला असणार, औषधात पूजाविधी मिसळलेला असणार, असं ठरून गेलं होतं. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या खड्यावर उभं होतं.

एका रविवारी तुमचा फोन आला. आईनं खुशाली विचारून तुमच्याकडे दिला. बोलायला आपल्याजवळ काही नसायचं, म्हणून तुम्ही विचारलंत, "काय चाललंय कामाचं?" आणि मीही निव्वळ वेळ भरून काढायला ती कृती सांगितली.

"खडा टाकायचा? कशाला?"

"श्रद्धा असेल त्यांची, आण्णा."

"खुळी हायस का तू? मध कढतोय न्हवं? मग ते पाक बघाय लागल्यात. आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या काय करायचा? कढत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा. त्याची घट्ट गोळी झाली की काहील उतरवायची. खडा टाकायचा न्हाय गं. खडा व्हायला पायजे."

मी फोन ठेवून ती आयरिश ओळ पुन्हा उघडली. क्रियापद 'टाकणे' नव्हतंच, 'होणे' होतं. बर्फाच्या देशातल्या त्या नकलनविसानं पाक कधी चढवला नसावा. त्यानं चुकीचं समजून घेतलं आणि आम्ही सगळे त्याच्या मागून चालत राहिलो. मी दोन दिवस नीट जेवले नाही. मग ते प्रकरण फाडलं आणि नवं लिहिलं. त्याच नव्या प्रकरणानं मला ओळख दिली. माझ्या प्राध्यापकांनी चष्मा काढून विचारलं, "हे तुला दिसलं कसं?" तेव्हा सांगता आलं असतं. गुऱ्हाळावर वाढलेल्या, साखर कारखान्यात केमिस्ट असलेल्या माझ्या वडिलांनी फोनवर सांगितलं, एवढंच. पण त्या खोलीत, त्या जाड पुस्तकांच्या मधे, मला तुमची लाज वाटली. मी म्हणाले, "बरेच दिवस डोक्यात घोळत होतं."

पुस्तक छापून आलं ते तुम्ही आजारी असताना. खाटेवर उशीला टेकून तुम्ही ते सुरुवातीपासून चाळलंत. आभाराचं पान बोट ठेवून वाचलंत, त्यात ग्रंथालयं होती, प्राध्यापक होते, आईवडिलांचे आशीर्वादही होते. मग खड्याचं प्रकरण काढलंत, खालच्या तळटिपा एकेक वाचल्यात. मी दाराशी उभी होते. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "कागद चांगला वापरलाय की." त्यानंतर तुम्ही दोन महिने होता. रोज मी उशाशी बसायचे आणि रोज आपण औषधांच्या वेळांबद्दल बोलायचो.

पुढे मला वाटत राहिलं, वय झालं की माणूस सुधारतं. आता मी मराठीत लिहिते, या जुन्या विज्ञानावर, साध्या भाषेत, तुमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसालाही वाचता यावं असं. गेल्या रविवारी शाहूपुरीत एका वाचकमंडळानं बोलावलं होतं. खड्याची गोष्ट लोकांना फार आवडते. सगळे हसले, टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. तुम्ही गेलात तेव्हा होता तेवढ्या वयाच्या असतील, हातांवर कामाचे घट्टे. त्या म्हणाल्या, "आमी गुऱ्हाळवाली माणसं. पुस्तकं वाचून ह्ये कळंल असं वाटत न्हाय. कुनी सांगितलं तुमास्नी?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. या वेळी परदेश नव्हता, प्राध्यापक नव्हते, सगळी आपलीच माणसं होती. मी म्हणाले, "सुचलं."

आण्णा, मला काही सुचलं नव्हतं.