पवनचक्कीला हात न लावणे

६ जानेवारी
अट मान्य केली. भाची कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, यंदा प्रदर्शनात पवनचक्की. तिच्यावर दिवा पेटणार. तू फक्त बघायचं. हात लावलास तर मी नावच काढून घेईन!" ताई भाजी चिरता चिरता म्हणाली, "बघ हं. हिचे हात शिवशिवतात."

कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या जोडण्या तपासते. सवय आहे.

गेल्या वर्षी भाचीची विजेची घंटा मी अशीच 'तपासली'. ती खेळायला गेली असताना पूर्ण उकलली, नव्यानं जोडली. तिला सांगितलं नाही. परीक्षकांनी विचारलं, "ही जोडणी कशी केलीस?" ती गप्प. वर्षभर वर्गात तिला एकच नाव – मुकी घंटा!

यंदाही तोंड उघडलं नाही तर विज्ञान सोडणार, असं ताईला म्हणाली आहे. मला नाही म्हणाली.

१३ जानेवारी
प्लॅस्टिकच्या फाइलची तीन पाती. जुन्या प्रिंटरमधली मोटर – फिरवली की तीच वीज देते. टेबलफॅनसमोर २.१ व्होल्ट. लाल एलईडी दिव्याला पुरेल.

एक पातं जड होतं. मी बोलले नाही. दहा मिनिटांनी तीच म्हणाली, "थरथरतंय गं." चिकटपट्टीचा तुकडा लावून तोल साधला. मी हात पाठीमागे बांधून उभी. ताई म्हणाली, "शिक्षा झाल्यासारखी काय उभी आहेस?"

२३ जानेवारी
रंगवायला पाती काढली होती. परत बसवताना पात्यांचा तिरपा कल उलटा दिलाय. चक्की आता उलट फिरणार, अधिक-उणे बदलणार. एलईडी एकाच बाजूनं पेटतो. उद्या प्रदर्शन!

"पुन्हा चाचणी घेतलीस?"
"घेते. तू येऊ नकोस." दार लावून घेतलं.



२४ जानेवारी, सकाळ
भाची आंघोळीला. चक्की टेबलावर. कल अजून तसाच उलटा. म्हणजे तिच्या लक्षातच आलेलं नाही.

दोन स्क्रू. दोन काळ्या वायरी. अदलाबदल – दीड मिनिट. पंखा लावला असता तर आवाज गेला असता, म्हणून चाचणी नाही.

मोजल्याशिवाय मी कारखान्यात एक यंत्र पुढे जाऊ देत नाही.

२४ जानेवारी, दुपार
ताईचा फोन, शाळेच्या फाटकातून. "पेटत नाहीये म्हणे! परीक्षक दोन टेबलं सोडून आहेत. तिला काय सांगू?"

त्याच क्षणी कळलं. काल दार लावून तिनं कल नाही, वायरी बदलल्या होत्या. बरोबर केलं होतं. मी ते बिघडवलं. वायरी दोन्ही काळ्या. मला दिसणार कसं? मोजलं असतं तर दिसलं असतं.

"तिला सांग, सकाळी मी वायरी बदलल्या."

 "पुन्हा?" म्हणून ताईनं फोन ठेवला.

२४ जानेवारी, संध्याकाळ
दिवा पेटला. ताई पोचली तेव्हा भाचीच्या हातात पाना-पेचकस, समोर परीक्षक, आणि ही धडाधड समजावतेय – वारा, कल, अधिक, उणे. निरोप द्यायची वेळच आली नाही. दुसरा क्रमांक.

माझ्याशी एक शब्द नाही. मीही 'शाब्बास' म्हणू शकले नाही. कुठल्या तोंडानं?

२५ जानेवारी
तिची प्रकल्पवही माझ्या टेबलावर, उघडी. शेवटच्या पानावर:

"चाचणी ९. उजेड नाही. स्क्रू हातानं सुटेनात. एवढे घट्ट माझ्याकडून होत नाहीत, म्हणजे मावशी. वायरी उलट केल्या. उजेड आला. गेल्या वर्षी घंटेचेही स्क्रू असेच घट्ट होते. ती जोडणी मला सगळी कळली होती. पण उत्तर दिलं असतं तर मावशीचं नाव घ्यावं लागलं असतं."