दीक्षाच्या डब्यातली जास्तीची पोळी

नागपूर

बाबा,

तुम्हाले अन् आईले जयभीम. आईचा गुडघा कसा आहे? तेल संपलं असन तर कळवा.

फोनवर तुम्ही दीक्षाच्या शाळेचं विचारता अन् मी विषय बदलवते. आपल्या कुही गावात घरोघरी फिरून लोकांची पोरं शाळेत टाकणारे तुम्ही. तुम्हाले तोंडानं कसं सांगू? दिवाळीपासून तुमच्या नातीले आम्ही घरीच शिकवून राहिलो. शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला की तिले उलटी व्हायची. डॉक्टरले दाखवलं, काही निघालं नाही.

पण काळजी करू नका. आता उलट्या बंद आहेत. वाचते मस्त. तुमचे जावई तिले कधीकधी कळमन्याच्या फळबाजारात नेतात, तिथं संत्र्याच्या ढिगापाशी बसून बेरजा करते. विहारातल्या बाया मात्र विचारतात, "काहून वं मोनाली, पोरगी घरीच?" मी म्हणते, तिले बरं नाही.

एक सांगायचं राहिलं. तिले रोज शाळेसारखा डबा लागते. तो घेऊन जिन्यावर जाते अन् एकटीच बसून खाते. मले हसू यायचं. काल म्हणाली, "आई, एक पोळी जास्त टाक नं."

"काहून?"

"कोणी बसायले आलं तर?"

मी टाकली. ती पोळी तशीच परत आली.

बाबा, आम्ही चुकलो का? रागवायचं असन तर इथं येऊन रागवा. पण याल तेव्हा डब्याच्या वेळेले या, अन् सरळ जिन्यावरच बसा.

तुमची,
मोनाली