बटाटा सोडून बाकी सगळं

४ जून
बायको तिच्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, वीस वर्षं रोज बटाट्याची भाजी केली, आता पुरे. मुद्दा माझ्या लगेच लक्षात आला. प्रॉब्लेम बटाटा आहे! एवढंच ना? महिनाभरात सगळ्या भाज्या खायला शिकतो. नुसत्या खायला नाही, आवडीने खायला. येईल धावत.

५ जून
दोडका. कोवळा कसा ओळखायचा ते भाजीवालीला मीच नीट समजावून सांगितलं. मुकाट्याने ऐकलं बिचारीने. घरी येऊन चिरला तर नुसता काथ्या. चार घास गिळले. वरून वेफर्स. वेफर्स म्हणजे बटाटा नव्हे, स्नॅक.

८ जून
कारलं. आधी मीठ लावून पिळायचं असतं म्हणे. मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं, पण तो वेगळा विषय. ऑफिसात साहेबांनी विचारलं, तोंड का असं? त्यांना पालेभाज्या आणि फळभाज्या यांतला फरक अर्धा तास सांगितला. त्यांना अचानक मीटिंग आठवली.

११ जून
बायकोला रोज ताटाचा फोटो पाठवतो, खाली सविस्तर माहिती. निळी टिक लगेच येते. उत्तर नाही. भारावली असणार.

१५ जून
पालक. पानापानात माती. दाढ ठणकतेय. मऊच खावं लागेल, म्हणून बटाटा उकडला. हे औषध.

१९ जून
मेहुणीचा फोन. म्हणाली, भावोजी, फोटो बंद करा, ताई जेवताना फोन पालथा ठेवते. साहजिक आहे. माझी ताटं बघून तिला स्वतःचं जेवण गोड लागत नसेल. रविवारी दोघींना जेवायला बोलावलं. येतो म्हणाली! अर्धी लढाई जिंकली.

२२ जून, दुपारी
आल्या. दुधी पाणचट, भेंडीला तार सुटलेली, वांगं खाली लागलेलं. मी प्रत्येक भाजीचे गुण सांगत वाढलं. बायको जेवली. ताट स्वच्छ. म्हटलं, मग आता येतेस ना घरी?
म्हणाली, मला स्वतःलाही बटाटाच आवडतो हो. या घरात तो एकटाच गप्प बसायचा.
मेहुणीला ठसका लागला. हसण्याचा.
मग दोघींनी कपाटातले उरलेले कपडे बॅगेत भरले, कुकर घेतला. त्यासाठीच आल्या होत्या. दुधीतल्या जीवनसत्त्वांचं सांगायचं राहिलं होतं म्हणून लिफ्टपर्यंत गेलो. ‘बघा, हेच ते,’ एवढंच बायको म्हणाली, आणि लिफ्टचं बटण स्वतः दाबलं.

२३ जून
भाजीवालीला म्हटलं, एकट्यापुरतं काहीतरी द्या. म्हणाली, एवढ्याशासाठी तराजू कुठे काढू? तीन भेंड्या पिशवीत टाकल्या, पैसे घेतले नाहीत. माझ्या अभ्यासाचा मान ठेवला, असं वाटलं.
चार पावलं गेलो तेवढ्यात ती पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, फुकट दिलं की लवकर जातो.