पाचव्यांदा भरलेलं काडतूस

बाबा, शनिवारी तुमच्या रायफलचा बोल्ट अडकला. क्लबच्या मॅचमधला माझा तिसराच शॉट. काडतूस आत सरकलं, पण ते मागून बंद करणाऱ्या बोल्टची मूठ अर्ध्यावर येऊन थांबली. पुढे जाईना, मागे येईना. जिवंत काडतूस नळीच्या मागच्या चेंबरमध्ये रुतलेलं, दोन्ही बाजूंना माणसं पोटावर झोपून नेम धरतायत, आणि माझ्या तळहाताला एकच सुचतंय: एक थाप मारावी, बसेल.

काडतुसं मीच भरली होती, तुमच्या पद्धतीने. लीड्सच्या आपल्या घरी रविवारी सकाळी तुम्ही झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी केसेस ओळीने मांडायचात आणि आई म्हणायची, "अहो, ते सगळं माझ्या किचनच्या वर्कटॉपवरून उचला बघू." तुम्ही मला सांगायचात, गोळी सुटली की केस फुगते आणि आपल्याच रायफलच्या मापाची होते, परत भरताना नुसती तोंडाशी असलेली मान आवळायची, नवी गोळी धरण्यापुरती. पूर्ण केस डायच्या साच्यात दाबणं म्हणजे अंगावर बेतलेला कोट उसवून पुन्हा दुकानाच्या मापाचा करणं, नेम बिघडतो. मी एकदा विचारलं, "पण दर वेळी थोडी थोडी फुगतच गेली तर?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मोजमापच करतो मी. आता तू शिकव मला." मी पुन्हा विचारलं नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना तुमच्याबरोबर मॅचला आले, तो दिवस आठवतो. क्लबात आपण दोघंच भारतीय. जाताना गाडीत तुम्ही नेहमीचं बजावलंत, "इथे आपली चूक दिसता कामा नये. त्यांची चूक झाली तर ती एका माणसाची. आपली झाली की 'हे लोक' होतं." त्या दिवशी तुमचाही बोल्ट घट्ट झाला. मी मागे उभी आहे. तुम्ही इकडेतिकडे बघता आणि तळहाताने थाप मारून बोल्ट बसवता. शॉट जातो, पण आता बोल्ट उघडत नाही. तुम्ही मारत राहता, हळू, आवाज होणार नाही अशा बेताने. मग पोट बिघडलंय असं सांगून तुम्ही मॅच सोडलीत. परतताना उजवा हात कोटाच्या खिशात होता, अस्तर रक्ताने भिजलं होतं. आईला म्हणालात, गाडीच्या दारात सापडला. मी मान डोलावली. पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा नुसत्या मानाच आवळल्यात.

शनिवारी मी हात वर केला. रेंज ऑफिसर बाई ओरडल्या, "स्टॉप! एव्हरीबडी स्टॉप!" सगळे उठून मागे गेले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. माझे कान तापले होते. बाई शेजारी गुडघ्यावर बसल्या. "टेक युअर टाइम, लव्ह. नळी टार्गेटकडेच ठेव." त्यांनी दिलेल्या रबरी हातोडीने मी मूठ मागे ठोकू लागले. प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होते. किती ठोके झाले कुणास ठाऊक, काडतूस सुटून बाहेर आलं. त्यांनी ते उजेडात फिरवलं. पितळेवर घासल्याची चकचकीत खूण होती.

"फक्त नेक आवळतेस? कितव्यांदा भरलंस हे?"

"पाचव्यांदा."

"मग फुगणारच. आता पूर्ण केस मूळ मापाला रिसाइझ कर. पण बेताने. फार दाबलीस तर बुडाशी पितळ पातळ होऊन फाटेल."

काल मी तुमची मान आवळायची डाय काढून पूर्ण केसची बसवली. डाय थोडी खाली घ्यायची, केस दाबायची, रिकामीच रायफलमध्ये घालून बघायची; बोल्ट बोटाने अलगद मिटला की तिथेच थांबायचं. सकाळभर हेच केलं. आज नेम तपासून आले. फारसा फरक नाही, बाबा. इतकी वर्षं तुम्ही कशाला भीत होतात?

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. निघताना बाईंनी विचारलं होतं, "कोणी शिकवलं तुला हे?" मी म्हटलं, "कोणी नाही. माझं मीच." घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते, तुमचं नाव राखलं. तसं नव्हतं. त्या सगळ्यांसमोर मला तुमची लाज वाटली.