अपर्णाचे राहिलेले विषय

११ ऑगस्ट
यंदा मेंटॉर म्हणून माझ्याकडे चारही वर्षांची मुलं. पहिल्या वर्षाची विचारतात, लॅब कुठे, ब्रँच चुकली का. शेवटच्या वर्षाची सहीपुरती येतात. दुसऱ्या वर्षाची येतच नाहीत. त्यांचीच धास्ती. कम्प्युटर सायन्सच्या अपर्णाला कितीदा बोलावलं.

१३ ऑगस्ट
आली एकदाची. प्रत्येक गोष्टीला फक्त "यस मॅम". गाव निपाणीकडचं कळलं, मग मराठीत सुरू केलं. "स्वल्प थांब, दार लावते," म्हटलं तर हसली. "तुमचं मराठी असलं कसलं, मॅडम?" सांगितलं, पिढ्यान् पिढ्या इथेच जयनगरात, घरी असंच कानडी मिसळून बोलतो. हसता हसता रडायला लागली.
दहावीपर्यंत मराठी माध्यम. इथलं शिकवणं डोक्यावरून जातं. पहिल्या वर्षाचे तीन विषय राहिलेत, त्यात गणित. आणखी एक राहिला तर वर्ष गेलं. घरी सांगितलंय, सगळं पास.
"बाबांना सांगू नका."
"नाही सांगणार. तू सांगायचंस. गणपतीला जाशील तेव्हा."
मान हलवली.

१८ ऑगस्ट
नयनाशी बोलले. शेवटचं वर्ष. पहिल्या वर्षी तिचंही गणित राहिलं होतं, तेव्हाही माझ्याकडेच होती. अपर्णाबरोबर लायब्ररीत बसशील का? "मॅम, माझे इंटरव्ह्यू चाललेत." मग आपणच होकार देत, "सरी, बघते."
तिचंही ठरत नाहीये. व्हाइटफील्डची आयटीतली नोकरी की एमटेक. माझ्याकडून उत्तर हवंय. नाही दिलं. दोन्हीकडच्या माणसांशी आधी बोलून ये, म्हटलं. फणकारून गेली.

२५ ऑगस्ट
नयना धावत आली. "मॅम, तिला गणित येतं! प्रश्नाचं इंग्लिश कळत नाही." गणिताचे सर तिला शब्द समजावून द्यायला तयार झालेत.
एचओडी मात्र, "घरी कळवा. उद्या आपल्यावर येईल." गणपतीपर्यंत मुदत मागून घेतली.

३ सप्टेंबर
अपर्णा घरून परतली. सांगितलं नाही.
"आरतीनंतर सांगणार होते. पण सगळे इतके खुशीत..."
माझा आवाज चढला. चढायला नको होता.

५ सप्टेंबर
अपर्णाचे वडील न कळवता आले. बरोबर धाकटी विद्या, पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे. वाटलं, कुणीतरी कळवलं. तर नाही, सल्ला घ्यायला आलेले!
"म्याडम, तुमी आपल्या बोलीतल्या. हिला बी हितंच घालायची. थोरलीचं बेस चाललंय न्हवं? कुठली ब्रँच घ्यावी सांगा."
त्यांच्यामागे अपर्णा भिंतीला टेकून उभी. खरं सांगावं तर तिला दिलेला शब्द मोडतो, गप्प बसावं तर धाकटीही त्याच वाटेने.
विद्याला विचारलं, "तुला काय शिकायचंय?" उत्तर वडिलांनी दिलं.
मग म्हटलं, "अपर्णा, पहिलं वर्ष कसं गेलं, सांगतेस विद्याला?"
वाटलं, नाही बोलणार. बहिणीकडेच बघत बोलली. "माझे तीन विषय राहिलेत. वर्गात काही कळत नव्हतं. घरी खोटं बोलले."
वडिलांनी तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "तुमास्नी म्हाईत हुतं?"
"हो."
"आपल्यातल्या म्हणून इस्वास टाकला."
दोघींना घेऊन गेले.

९ सप्टेंबर
अपर्णा गावी. फोन बंद. एचओडी, "मी म्हटलं होतं." नयना आजही लायब्ररीत बसून वाट बघून गेली.
घरी धाकट्या भावाला सांगितलं. "बरोबर केलंस, अक्का." त्याला बोलायला काय जातंय. तिला सगळ्यांसमोर बोलायला लावलं मी. एकटीला आधी विचारायला हवं होतं.

१६ सप्टेंबर
विद्याचा फोन. दबक्या आवाजात. "ताई दिवसभर गणितं सोडवते. बाबा बोलत नाहीत तिच्याशी. तिला परत धाडतील का माहीत नाही."
मग एकदम, "मला काय शिकायचंय, ते विचारलंत ना तुम्ही. मला शेतीची डिग्री करायचीय. धारवाडला. पण आत्ता नको बोलायला. आधी ताईचं होऊ दे."
लगेच वडिलांना लावला. हजेरी कमी पडतेय, आणखी घरी राहिली तर परीक्षेला बसू देणार नाहीत.
"बघू," म्हणाले. ठेवला.

२२ सप्टेंबर
सकाळी स्टाफरूमच्या दारात बापलेक. अपर्णा वाळलीय. तिला सरळ वर्गात पिटाळलं.
वडील बसायला तयार नाहीत. "परीक्षेपातुर ठेवतो. म्होरचं मग. आता काय बी असलं तर आदी मला कळवायचं."
"आधी तिला विचारा. मग मला." माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांच्या कपाळावर आठी.
मी तास घ्यायला निघाले तर ते अपर्णाच्या वर्गाच्या खिडकीशी उभे. आत सर भराभर इंग्रजीतून शिकवत होते.
"मला तर एक शब्द कळंना," वळून न बघता म्हणाले. "तिला कळत असंल आता?"
"सगळं नाही."
"थोडं?"
"ते तीच सांगेल, सुटल्यावर. थांबता का?"
गावाची बस दुपारची. त्यांनी घड्याळ बघितलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. खिडकीपासून मात्र हलले नाहीत.
माझा तास सुरू झाला होता. जावं लागलं.