चाकामागचा धोंडा

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतोय. तोंडावर मी तुमच्याशी कधी चार वाक्यं सरळ बोललो नाही, आणि तुम्ही तरी कुठे बोललात! तुम्हाला जाऊन आता एक जन्म लोटला. माझेच गुडघे कुरकुरायला लागलेत. पण गेल्या आठवड्यात तुमची सून मला म्हणाली, "तो उंबऱ्याजवळचा धोंडा जिथला तिथं नेऊन ठेवा बघू. दुपारचं दारात कुणीतरी बसलंय असं वाटत राहतं मला." मी हसण्यावारी नेलं. हसलो खरा, पण त्या दिवशी जेवण काही गेलं नाही.

धोंडा कुठला ते तुम्हाला सांगायला नको. चाकणचा कांदा भरून तुमची बैलगाडी पुण्याला निघायची, आणि भर दुपारी ओढ्यापाशी थांबायची. पुढे चढण. बैलांना पाणी दाखवायचं, म्हसोबाला भाकरीचा पहिला तुकडा ठेवायचा, आणि तोवर गाडी मागे घसरू नये म्हणून चाकामागे धोंडा लावायचा. निघताना तो धोंडा उचलून म्हसोबाशेजारी नीट पालथा ठेवायचा आणि त्यावर रुईचं एक पान, पानावर खडा. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून, की हा धोंडा चाकाला नीट बसतो. बाकीचे गाडीवाले तुमच्या त्या पानाला हसायचे. एकदा मी तुमच्याबरोबर होतो, मिसरूड फुटलेलं, अंगात मस्ती. धोंडा काढायचं विसरलो आणि तुम्हाला सांगितलं ते मोशी ओलांडल्यावर. तुम्ही गाडी थांबवलीत. "उतर. जा माघारी." म्हटलं, आबा, कोसभर आलोय. "व्हय, कोसभर. जा. रस्त्यात धोंडा टाकून जाणारा माणूस तितंच अडकून पडतो, कळलं का? म्होरं जातं ते नुस्तं कातडं." उन्हात पाय भाजत मी गेलो. मनात तुम्हाला यथेच्छ शिव्या घातल्या, त्याही आज कबूल करतो.

आई गेली तेव्हा तुम्ही वाटेवर होतात. तिसऱ्या दिवशी आलात. दारात बायका बसलेल्या बघून तुम्ही हातातली कागदाची पुडी धोतराच्या सोग्यात दडवलीत. हिरव्या बांगड्या होत्या, मला नंतर ट्रंकेत सापडल्या, तशाच कागदात. त्या दिवशी तुम्ही माझ्या दंडाला धरून म्हणालात, "माजी उभी हयात चाकावर गेली. घर काय आसतं ते मला ठावं न्हाई. तू चाकाला हात लावायचा न्हाई. भोंगा वाजला का कामावर, भोंगा वाजला का घरी." पिंपरीला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. तुम्ही कुणाकुणाच्या पायऱ्या झिजवल्यात आणि मला चिकटवलंत. वर्षभरात तुम्हीही गेलात. जाताना समाधानात होतात, पोरगं मार्गी लागलं म्हणून.

पण आबा, भोंगा तीन वेळा वाजतो हे कुणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. एक आठवडा पहाटपाळी, एक दुपारपाळी, एक रातपाळी. मी घरी असलो की झोपलेला, जागा असलो की कारखान्यात. सून तुमची तोंडाची फटकळ. "भाडेकरू ठेवला असता तर निदान दोन शब्द बोलला असता," म्हणायची. मी खेकसायचो, ती भांडी आदळायची. पोरगी दोन वर्षांची झाली तरी मला बघितलं की भोकाड पसरून आईच्या पदरात तोंड लपवायची. एकदा मी लाडात येऊन उचलली तर तिला ताप भरला, इतकी घाबरली! त्यानंतर तुमच्या सुनेनं बोचकं बांधलं आणि खेडला माहेरी गेली. दारातून एवढंच म्हणाली, "दिवे लागायच्या वेळेला रोज घरात माणूस दिसणार असेल, तर या न्यायला. नाहीतर येऊ नका."

त्या रिकाम्या घरात मी आठ दिवस काढले आणि नवव्या दिवशी कारखान्याला रामराम ठोकला. लष्करातून सुटून आलेल्या एका ओळखीच्या डायव्हरनं मला ट्रक शिकवला. चाकणचे एक कांद्याचे व्यापारी होते, त्यांना जवळच्या फेऱ्यांना माणूस हवा होता. सकाळभर माल भरायचा, दुपारी पुण्यात उतरवायचा, दिवे लागायला घरी. तुमचीच वाट, तुमचाच माल, फक्त बैलांऐवजी इंजिन. आख्खं गाव म्हणालं, पक्की नोकरी सोडून स्टिअरिंग धरलं, याचं डोकं फिरलं. मला मात्र माझ्या दंडावरच्या तुमच्या बोटांची तेवढी भीती वाटत होती.

ओढ्यापाशी आलं की गाडी तापायचीच. नेमके बारा. पहिल्याच आठवड्यात मी मागच्या चाकाला धोंडा लावला, रेडिएटरला पाणी पाजलं आणि निघालो. धोंडा रस्त्यातच राहिला, हे पुण्यात हमाल पोती उतरवत होते तेव्हा आठवलं. कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी बघतो तर धोंडा म्हसोबाशेजारी पालथा, वर रुईचं पान, पानावर खडा. कुणीतरी जुना गाडीवाला असेल म्हणून मी सोडून दिलं. चाकणला तुमच्या बरोबरीचे एक म्हातारे गाडीवाले भेटले, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आरं, त्या वाटनं आता गाडी कुटली? समदे मोटारीत माल घालत्यात. आन् रुईचं पान तुजा बाप ठिवायचा. दुसरं कुणी न्हाई." मग मी मुद्दाम धोंडा टाकून जाऊ लागलो. हो, मुद्दाम. रोज बारा वाजता तो जागेवर ठेवलेला असायचा, आणि पान इतकं ताजं, की देठातून पांढरा चीक अजून गळत असायचा. आसपास माणूस नाही, गुरं नाहीत, पाखरूसुद्धा बोलत नाही. मी भाकरीचा पहिला तुकडा ठेवायचो आणि मागे न बघता गाडीत चढायचो. अंगावर काटा असायचा, तरी वाईट वाटत नव्हतं. कारखान्यात असताना तुमची आठवणसुद्धा येत नव्हती मला.

चार महिने मी रोज दिवे लागायला घरात होतो. रिकाम्या घरात एकटाच दिवा लावून बसायचो. मग ट्रक घेऊन खेडला गेलो आणि तसं सांगितलं. सुनेनं मला वरखाली न्याहाळलं आणि म्हणाली, "गावात विचारलंय मी. खरं बोलताय." बोचकं तिनं बांधूनच ठेवलेलं होतं! येताना चाकणला माल भरला आणि ओढ्यापाशी आलो, तेव्हा ऊन डोक्यावर. मी आनंदात होतो, आबा. इतका, की बादली घेऊन गुणगुणत सरळ खाली पाण्यावर गेलो. तुमची सून बाभळीखाली शिदोरी सोडत होती. पोरगी सावली बघून ट्रकच्या मागे गेली आणि पोत्यातून सांडलेले कांदे मांडून खेळत बसली.

हँडब्रेक सुटल्याचा खटका मला पाण्यावर ऐकू आला. मान वळवली तर भरलेला ट्रक मागे येतोय आणि मागे ती पाठमोरी, कांदे मोजतेय. बादली टाकून मी चढणीकडे धावलो. तेव्हाच मला आठवलं, की आज धोंडा लावलाच नाही. आणि धप्प करून ट्रक थांबला. तिच्या पाठीपासून वीतभरावर.

मी कसा पोचलो मला माहीत नाही. चाकामागे धोंडा होता, नेटका बसवलेला, आणि त्याच्याखाली रुईचं पान चिरडून पांढरा चीक मातीत पसरला होता. सून पोरीला छातीशी धरून बसली होती. म्हणाली, "तुम्ही धोंडा लावला होता म्हणून. नाहीतर काय झालं असतं हो!" आणि मी म्हणालो, "हो."

खोटं बोललो. तेव्हा दातखीळ बसली होती म्हणून, आणि नंतर तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे दिसायला लागलं ते घालवायचं नव्हतं म्हणून. त्या एका "हो"वर आमचा संसार उभा राहिला. शेजारणींना सांगते अजून, आमच्या ह्यांचं घरावर लक्ष असतं. पोरगी पुढे ट्रकचा हॉर्न ऐकून गावच्या वेशीपर्यंत धावत यायला लागली. आज तिचीच पोरं कॉलेजात आहेत.

त्या दिवशी ओढ्यावरून निघायची वेळ झाली. ज्यानं लावला त्यानंच धोंडा काढायचा, हा तुमचा नियम. मी तो रस्त्यात तसाच सोडायला हवा होता, तुम्ही काढला असता आणि मोकळे झाला असता. मी तो उचलला. एवढ्या उन्हात तो गार होता, विहिरीतल्या पाण्यासारखा. म्हसोबाशेजारी न ठेवता केबिनमध्ये सीटखाली ठेवला. सून म्हणाली, "तो कशाला?" म्हटलं, असू दे, कामाचा आहे. घरी आणला आणि उंबऱ्याशी ठेवला, जिथे आई तुमची वाट बघत बसायची. तिच्या बांगड्यांची पुडी त्याच्याखाली पुरली. त्या दिवसापासून ओढ्यावर माझा एकही धोंडा कुणी उचलला नाही, तो मलाच उचलावा लागला. आणि घरी, मैलभरात रुई नसताना, दुपारचं कधीतरी धोंड्यावर पान असतं. सून ते वाऱ्यानं आलं म्हणून झाडून टाकते. निदान परवापरवापर्यंत टाकत होती.

तुम्हाला घरी यायचं होतं का, हे मी विचारलं नाही. सगळं आयुष्य चाकावर गेलेल्या माणसाला मी न विचारता दाराशी बांधून टाकलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, उतर, जा माघारी.

काल मी बसनं गेलो होतो, आबा. ओढ्यावर पूल झालाय, दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती. पण म्हसोबा आहे, शेंदूर ताजा आहे, आणि त्याच्याशेजारी धोंड्याएवढी जागा मोकळी आहे, कुणी झाडून ठेवल्यासारखी. मी उतरून ती नीट बघितली. घरी आलो तर तुमच्या सुनेनं विचारलं, "काय हो, ठेवता येईल का परत?"

मी म्हणालो, जागाच राहिली नाही तिथे.