मामाकडे गेलेली मुले

मी खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, चौदा गावांच्या आरोग्य व शिक्षण कार्यक्रमाची एकवीस वर्षे व्यवस्थापक, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. हृदयाबद्दल त्यांनी वेगळा दाखला दिला, तोही जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी नाही.

कलम १. दोन खोल्यांचे राहते घर व बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावी. ती परिचारिका आहे, आजारपणात माझे सगळे तिनेच केले. मागची भिंत ओल धरते, हे तिला आधीच सांगितले आहे. नंतर मावशीने फसवले असे नको.

कलम २. भावाला काही नाही. "जगाच्या पोरांची वजनं करत फिरली, आईच्या आजारपणात मात्र हिला सवड नव्हती," असे तो चारचौघांत म्हणाला होता. ते खरे होते, म्हणूनच विसरता आले नाही.

कलम ३. लोखंडी कपाट, फळा, टांगता वजनकाटा व त्याची कापडी झोळी नव्या व्यवस्थापकबाईंना द्यावी. काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवतो; आधी शून्यावर आणावा, मगच मूल झोळीत बसवावे. मूल रडले तर थांबावे. रडते मूल हलते, आणि हलत्या काट्यावर आपल्याला हवे ते वजन वाचता येते.

कलम ४. हे कलम मालमत्तेबद्दल नाही. वकील म्हणाले, मृत्युपत्रात हे बसत नाही. मी म्हटले, मग कुठे बसते ते सांगा. त्यांनी सांगितले नाही, म्हणून इथेच लिहिते.

आमच्या कार्यक्रमात गावाने आपले ध्येय आपणच ठरवायचे असे. टेकडीखालच्या गावाने ठरवले, शाळेला दुसरी खोली हवी. चार इयत्ता एकाच खोलीत बसत. एकीची कविता दुसरीच्या पाढ्यांत मिसळे. खोली मंजूर व्हायची तर गावात एकही मूल कुपोषित नसावे, अशी अट होती. अट मुख्य कार्यालयाची, सुचवलेली मी. खोलीच्या ओढीने गाव लेकरांना जपेल, असे मला वाटले होते.

पहिल्या वर्षी काही कुटुंबे कामासाठी खरोखरच बाहेरगावी गेली. त्यांच्या मुलांच्या नावापुढे काय लिहू, असे गावातल्या आरोग्यताईने विचारले. मुलांची वजने आणि नोंदी ताईच करायची. मी म्हटले, "मामाकडे लिही. मामाकडच्यांना टक्केवारीत धरत नाहीत." पुढे जी मुले वजनात बसेनात, तीही मामाकडे जाऊ लागली. मला कळत होते. शिवणकाम करणाऱ्या बाईची तीन वर्षांची मुलगी तेवढी उरली होती, बाकी गाव पास झाले होते. ताई म्हणाली, "बाई, ही तर समोर ओट्यावर बसलीय. हिला कसं मामाकडे लिहू?" मी म्हटले, "एवढी पाहणी होऊ दे. मग परत आणू तिला."

मुख्य कार्यालयाची ती पाहणी दोनदा पुढे गेली. मामाकडच्या मुलांना पूरक आहार मिळत नसे, डॉक्टरही त्यांना तपासत नसत. सात महिने ती मुलगी कागदावर मामाकडे होती आणि राहत होती आमच्या केंद्रापासून चौथ्या घरात. तापाचे निमित्त झाले आणि गेली.

चौकशीत नोंदीखाली ताईची सही निघाली. माझी सूचना तोंडी होती. तिने माझे नाव घेतले तेव्हा मी म्हटले, "मला आठवत नाही." मला शब्दन्‌शब्द आठवत होता. तिला कामावरून काढले. खोलीही झाली. उद्घाटनाला शिवणवालीने माझ्या हातात फुले दिली आणि म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून शाळा झाली. त्या बाईनं माझी पोर खाल्ली." मी फुले घेतली.

याला नऊ वर्षे झाली. ताईच्या ओट्यावर अजून कोणी बसत नाही; तिच्या मुलीचे ठरलेले लग्न दोनदा मोडले. मुख्य कार्यालयाला मी दोन पत्रे लिहिली. "जुने प्रकरण उकरू नये," असे उत्तर आले, आणि खरे सांगायचे तर ते वाचून मला हायसे वाटले. जन्मात काय केलेस असे कोणी विचारले तर मला ती खोलीच दाखवावी लागेल, आणि तिच्याकडे मला बघवत नाही. माझ्यामागे हे कलम गावच्या सभेत, शिवणवालीसमोर, मोठ्याने वाचावे.

कलम ५. ताईला काहीही देत नाही. वाटणीत नाव आले की साक्षीदार होता येत नाही, आणि मला तिची सही हवी होती.

काल तिला बोलावून हे सगळे वाचून दाखवले. चहा तिने घेतला नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तुम्ही गेल्यावर वाचायचं. तोवर मी काय करू, तुमच्या मरणाची वाट बघू?" मी पेन तिच्यापुढे ठेवले.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल.
दिनांक: गावच्या मासिक सभेचा आदला दिवस.
लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार १: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)
साक्षीदार २: ताई. सही नाही. "सभेत तुम्ही स्वतः वाचा, शिवणवालीला ऐकू दे, मग आणा कागद," असे म्हणून ती निघून गेली. दुसऱ्या सहीशिवाय मृत्युपत्र चालत नाही, हे तिला ठाऊक आहे. मीच सांगितले होते.